मिरिच देश म्हणजे मिरचीचा देश नव्हे

धान चुरून झालं, तणसाचे ढीग रचून झाले, आणि आमच्या घरी संध्याकाळचं वाचन सुरू झालं. वाचन म्हणजे फार काही नाही, मी वाचते आणि आजी ऐकते. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, टीव्हीसमोर बसली की डोळ्यातून पाणी गळतं, म्हणून तिनेच म्हटलं की काहीतरी वाचून दाखव, पण देवाधर्माचं नको, "ते मले पाठ आहे." दोन-तीन दिवसांनी शेजारची मामी पण येऊन बसायला लागली. सख्खी नाही, पण आमच्या गावात प्रत्येक बाई कोणाची ना कोणाची मामी असतेच, तशी. येताना ती सुपात लाखोळीची डाळ घेऊन येते, डाळ निवडणं आणि ऐकणं सोबत चालतं, आणि डाळीत खडा सापडला की ती हात थांबवते तसं वाचण्यात शब्द अडला की मला थांबवते.

आणि शब्द अडतातच, कारण पुस्तक हिंदीतलं आहे. जाडजूड कादंबरी, इंग्रजांच्या काळात समुद्रापलीकडे ऊस तोडायला नेलेल्या मजुरांची. नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळाली, पुठ्ठा निघालेली, अर्ध्या किमतीत. नाव सांगत नाही, हे काही परीक्षण नाहीये आणि खरं सांगायचं तर त्यातली नदीच्या वर्णनाची पानं मी सरळ गाळून टाकते, आजीला कळतं पण ती काही म्हणत नाही. मी वाचता वाचता हिंदीचं आमच्या बोलीत करत जाते आणि शब्द अडला की मागची शब्दसूची उघडते. आठ पानांची सूची आहे. महुआ म्हणजे काय हे त्यात चार ओळी सांगितलंय, झाड कसं, फूल कसं, त्याची दारू कशी, म्हणजे नागभीड तालुक्यातल्या दोन बायांना मोह म्हणजे काय हे एक छापील पुस्तक समजावून सांगतंय! ते वाचल्यावर मामी इतकी हसली की डाळ सांडली. आणि जो शब्द सगळ्या कादंबरीचा कणा आहे, गिरमिट, त्याच्यापुढे फक्त एवढंच, करार.

आता गिरमिट म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर काय येतं? सुताराचं गिरमिट. लाकडाला भोक पाडायचं, वरची आडवी मूठ धरून फिरवायचं ते. आजीचा मोठा भाऊ सुतारकी करायचा, बाजेच्या खुराला भोक पाडताना गिरमिटातून लाकडाचा गोल गोल भुसा कसा बाहेर यायचा आणि पोरं तो कानात अडकवून कशी फिरायची हे तिने मला आधी पंधरा मिनिटं सांगितलं. मग विचारलं, "सुताराच्या गिरमिटावर कोनी बोटीत कायले बसंल वो?" बरोबरच आहे ना. गंमत म्हणजे दोन्ही शब्द इंग्रजीच्याच पोटातले. सुताराचं गिरमिट आलं गिम्लेटवरून, आणि कादंबरीतलं गिरमिट म्हणजे ॲग्रीमेंट. भोजपुरी बोलणाऱ्या माणसाने साहेबाच्या तोंडचा शब्द जसा ऐकला तसा उचलला, आणि त्या कागदावर अंगठा देऊन गेला तो गिरमिटिया.

पण "करार" एवढं सांगून भागत नाही, हे मला मामीच्या चेहऱ्यावरून कळलं. तिच्यासाठी करार म्हणजे तहसीलमधला, स्टॅम्पपेपरवाला. मग मी म्हटलं, साल धरतात ना, तसं. तेव्हा लगेच कळलं. आमच्याकडे पाडव्याला सालगडी ठेवतात, वर्षाचे एवढे पैसे, एवढे धान, बोलणं तोंडीच. म्हटलं हे पाच वर्षांचं साल होतं, आणि पाडवा मध्ये येत नव्हता. मामीने विचारलं, आणि मधातच साल मोडलं तर? इथे मोडलं तर मालक शिव्या घालतो, दिलेली उचल वापस मागतो, गावात नाव खराब करतो, पण माणूस आपल्या घरी तर असतो. तिथे काम सोडून पळणं हा फौजदारी गुन्हा होता, सरळ जेल. आणि जेलमधले दिवस सालात मोजत नसत, ते पुढे भरून द्यायचे.

मग तिचा पुढचा प्रश्न, जो कुठलीही मजुरीवाली बाई विचारेल, रोजी किती? मी सांगितलं की १८३४ मध्ये कलकत्त्याहून मॉरिशसला जे पहिले ३६ जण या पद्धतीने गेले, ॲटलस नावाच्या जहाजातून, २ नोव्हेंबरला पोचले, त्यांचा पगार होता महिन्याला पाच रुपये आणि वर शिधा. आजी म्हणाली तवाचे पाच रुपये म्हंजे बरे असन. हो, कागदावर बरे होते. पण कादंबरीत एक शब्द येतो, डबल कट, सूचीत तो नाहीच, बहुतेक लेखकाला वाटलं असेल इंग्रजी आहे तर सगळ्यांना कळेल. डबल कट म्हणजे एका खाड्याला दोन दिवसांची मजुरी कापायची. आजारी पडला तरी. मॉरिशसच्या मळ्यांवर हा नियमच होता.

मामीचा हात सुपात थांबला. बोटांवर मोजून म्हणाली, "म्हंजे मयन्यात दहा दिस ताप आला तर वीस दिसाचे गेले, उरले दहाचे. आनि खाल्लेलं?" मी म्हटलं शिध्याचे पण कापायचे कधीकधी. ती काही बोलली नाही, पण ज्या वर्षी मुकादमाने हिशोबात तिच्या सात दिवसांचा घोळ केला ते वर्ष तिने त्याच वेळी आजीला पुन्हा पूर्ण सांगितलं, तारीखवार.

मुकादमाचं आलं म्हणून सांगते, मामी दरवर्षी मिरची तोडायला जाते. आमच्याकडून संक्रांत झाली की गाड्या भरून बाया जातात तेलंगणात, खम्मम, वारंगलच्या बाजूला. आमच्या भागात याला म्हणतात जगाले जाणे. "कुठं गेली?" "जगाले गेली." कामाला गेली असं नाही म्हणत, जगाले. मी शहरात शिकताना एका मॅडमला हा शब्द सांगितला होता तर त्यांना तो फार काव्यात्मक वाटला होता. काव्य बिव्य काही नाही त्यात, इथे धान एकच घेतात आणि ते निघालं की हाताला काम नसतं म्हणून जातात. पण स्थलांतर हा शब्द मी आजीसमोर वापरला तेव्हा तिला तो सरकारी वाटला, धरणग्रस्त लोकांचा वाटला, आणि जगाले गेले म्हटल्याबरोबर कादंबरीतली सगळी माणसं तिच्या ओळखीची झाली.

इथेच ती मिरिचची भानगड झाली. भोजपुरी लोक मॉरिशसला मिरिच म्हणायचे, मारीच पण म्हणायचे. कादंबरीत दलाल गावात येतो आणि सांगतो की मिरिच देशात चला. मी वाचलं तसं मामी एकदम सरसावून बसली. "म्हंजे मिरचीलेच चालले ना!" मी नाही म्हणेपर्यंत तिचं सुरू पण झालं होतं की मिरचीच्या कामाला हाताची आग होते, रात्री झोप येत नाही, बोटाला खोबरेल लावा नाहीतर ताक लावा काही उपयोग नसतो, डोळ्याला चुकून हात लागला तर मेलोच, आणि लेकराला जवळ घ्यायची सोय नाही. मला तिला मध्ये तोडावंसं वाटलं नाही. मग सांगितलं की मामी मिरची नाही, ऊस आहे तिथे, मॉरिशस नावाचं बेट आहे, त्याचं त्यांच्या तोंडी मिरिच झालं. ती थोडी हिरमुसली. पण दुसऱ्या दिवशी मीच विचार केला की त्या भोजपुरी माणसाने पण मिरिच ऐकून हाच विचार केला नसेल कशावरून, त्याने कुठे नकाशा बघितला होता.

नावांचा खेळ दलालांनी मुद्दाम केला असंही सांगतात. त्रिनिदादचं चिनीदाद झालं, आणि लोकांना सांगायचे की चिनीदादला चिनी म्हणजे साखर चाळायचं काम आहे, बसून, सावलीत. सुरीनामचं श्रीराम टापू झालं, आता श्रीरामाच्या टापूला जायला कोण नाही म्हणेल, तीर्थयात्राच ती. डेमेरारा म्हणजे आजचं गयाना, त्याचं डमरा. हे ऐकून आजीने रामाचं नाव घेऊन फसवणाऱ्याला जी शिवी दिली ती मी इथे टाइप करत नाही.

आणि नाताळ! एका पानावर वाक्य आहे की धाकटा भाऊ नाताळला गेला. आजी म्हणे, डिसेंबरात गेला. मी म्हटलं नाही वो, नाताळ एका मुलखाचं नाव आहे, आफ्रिकेतल्या, जिथे पुढे गांधीजी वकिली करायला गेले. आणि मग मलाच शंका आली म्हणून मोबाईलवर शोधलं तर निघालं भलतंच, वास्को द गामा १४९७ साली ख्रिसमसच्या सुमाराला त्या किनाऱ्यासमोर होता म्हणून त्याने त्याला पोर्तुगीजमध्ये नाताल नाव दिलं, आणि आपला मराठीतला नाताळ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला. म्हणजे आजी चुकली ती बरोबर जागी चुकली.

कुली शब्दावर मात्र मला काहीच सांगावं लागलं नाही, उलट मीच शिकले. मी आपली तयारी करून बसले होते की कुली म्हणजे स्टेशनवरचा हमाल नाही, साहेब लोक सगळ्याच मजुरांना कुली म्हणायचे, हा अपमानाचा शब्द आहे वगैरे. मामी म्हणाली, "कूली म्हंजे मजुरी. तिकडं सांजच्याले विचारते ना सगळ्या, कूली एंता?" तेलुगूत कूली म्हणजे मजुरीच, तमिळमध्येही तेच, आणि इंग्रजांनी कुली तिकडूनच उचलला असं बरेच जण मानतात. एवढंच झालं की मजुरीचा शब्द मजुराला चिकटला. मी पेन्सिलीने सूचीच्या बाजूला लिहून ठेवलं, मामी, खम्मम.

आता डिपो. कादंबरीत कलकत्त्याच्या डिपोचे चांगले साठ पानं आहेत आणि सूचीत लिहिलंय, प्रवाशांना ठेवण्याची जागा. त्यातून काय कळतं? आजीला डिपो दोनच माहीत, एक एसटीचा आणि दुसरा जंगल खात्याचा लाकडाचा. तिचा नवरा म्हणजे माझे आजोबा काही वर्षं लाकडाच्या डिपोवर मजुरीला होते. मी तिला म्हटलं, आजी तू लाकडाचाच डिपो धर. तिथे कसं, जंगलातून सागाचे गोल येतात, कोणता कुठल्या कूपातला त्याचा हिशोब, लांबी मोजतात, जाडी मोजतात, मग घणाने ठोकून शिक्का मारतात, नंबर टाकतात, थप्पी लावतात, आणि मग लिलाव होईपर्यंत ते पडून असतात. इथेही तसंच. कलकत्त्याला हुगळीच्या काठी गार्डन रीच, मटियाबुर्ज या भागात हे डिपो होते, बिहार आणि संयुक्त प्रांताच्या खेड्यांतून माणसं आणायची, डॉक्टर तपासणार, हात दाबून बघणार, तळहाताला घट्टे आहेत का बघणार म्हणजे शेतात काम केलेला आहे की नाही कळतं, मग एका कागदावर नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, आणि अंगावरची खूण. जहाज येईपर्यंत थांबायचं, आणि चढताना गळ्यात पत्र्याचा बिल्ला, त्यावर नंबर.

आजी बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "अंगावरची खून म्हंजे तीळ-बिळ?" हो, तीळ, चट्टा, देवीचे व्रण, गोंदण असेल तर गोंदण. तिने पदर सरकवून स्वतःच्या हातावरचं गोंदण बघितलं. कोपरापासून मनगटापर्यंत आहे तिच्या, ठिपके आणि मध्ये एक आडवी नक्षी, लग्नाआधी काढलेलं, आता हिरवं पडून पसरलंय. "हे सगळं लिवलं असतं का?" म्हणे. मी म्हटलं साहेबाने एका शब्दात लिहिलं असतं, गोंदण, डावा हात. ते कागद अजून आहेत बरं का, मॉरिशसला जपून ठेवलेत, लोक जाऊन आपल्या पणजोबाचा कागद शोधतात आणि त्यात कुठेतरी चुकीच्या स्पेलिंगमध्ये आपलं गाव सापडतं.

माझी स्वतःची एक मोठी फजिती सांगते. ते पहिले ३६ जण कोण, तर पुस्तकात लिहिलंय धांगर. मी वाचलं धनगर. आणि मला इतका आनंद झाला की बघा आपले धनगर तिकडे जाऊन पोचले, दोन संध्याकाळी मी मेंढ्या, घोंगडी, काठी सगळं रंगवून सांगितलं. मामीने विचारलं पण होतं की मेंढ्या कोनाले देऊन गेले, आणि मी उत्तर पण दिलं होतं! (काय दिलं ते विचारू नका.) तिसऱ्या दिवशी पुढच्या प्रकरणात कळलं की हे छोटा नागपूरचे डोंगरी लोक, उरांव, मुंडा वगैरे, इंग्रज त्यांना धांगर म्हणायचे, धनगरांशी काही संबंध नाही. आणि त्या छोट्या नागपूरचा आपल्या नागपूरशी पण नाही, ते झारखंडात. आपल्याकडे आरक्षणाच्या बातम्यांमध्ये धनगर आणि धनगड असा र आणि ड चा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, यादीत उरांवच्या शेजारीच धनगड लिहिलेलं आहे, हे मला माहीत असून मी तोंडावर आपटले. आजीला दुरुस्ती सांगितली तर ती शांतपणे म्हणाली, "मंग आपल्या गोंडावानीच असन ते." आणि मेंढ्यांचं तिने काढलं नाही, हे तिचे उपकार.

अशी जवळची वाटणारी पण भलतीकडे नेणारी अजून दोन नावं आहेत. सरदार म्हटलं की आजीला भोसल्यांचे सरदार आठवतात, घोडा, तलवार, वाडा. मळ्यावरचा सरदार म्हणजे मजुरांमधूनच वर काढलेला, साहेबाच्या वतीने कामावर उभा राहणारा, हजेरी धरणारा, मारणारा पण. पुढे अशाच सरदारांना गावाकडे परत पाठवून नवीन माणसं आणायला लावायचे, कारण गावचा माणूस सांगतो म्हटल्यावर लोक विश्वास ठेवतात. दुसरं, काळं पाणी. शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, काळं पाणी म्हणजे अंदमान, सावरकर, कोठडी, कोलू. कादंबरीतली बाई काळ्या पाण्याला घाबरते तेव्हा मामीला वाटलं की तिने काही गुन्हा केलाय. गुन्हा नाही, समुद्र ओलांडला की जात जाते अशी भीती. जहाजात कोण कोणाच्या हातचं खाणार, कोणाच्या शेजारी झोपणार, सगळं एकाच भांड्यातलं. अंदमानच्या शिक्षेला ते नाव पडलं तेही याच भीतीवरून, पण आपल्या डोक्यात शिक्षाच पक्की बसली आणि भीती विसरली गेली. आजीला सांगावं लागलं नाही. तिला जात कशी जाते हे माहीत आहे, आमच्या गावात एकाला विहिरीवरून किती वर्षं वाळीत टाकलं होतं ते तिने बघितलंय.

अरकाटी म्हणजे तो दलाल, गावोगाव फिरून माणसं गोळा करणारा. काही म्हणतात इंग्रजी रिक्रूटर शब्दाचा अपभ्रंश, काही म्हणतात अर्काट गावावरून. त्याला माणशी पैसे मिळायचे, आणि बाईचे जास्त, कारण नियम होता की दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाहिजेत, आणि बायका मिळत नव्हत्या. म्हणून हे लोक तीर्थाच्या गावी फिरायचे, काशी, मथुरा, अयोध्या, जिथे एखादी विधवा, एखादी सासरहून निघालेली, एकटी बसलेली दिसेल तिथे जाऊन मावशी म्हणून गोड बोलायचे. मामी म्हणाली मिरचीला पण मुकादमाले बायाच पाह्यजेत, बायांची बोटं झटपट चालतात आणि बाया दारू पिऊन पडत नाहीत. मी अरकाटीच्या पुढे पेन्सिलीने मुकादम असं लिहिलं आणि मग खोडलं. आमचा मुकादम कसाही असला तरी त्याचं घर गावातच आहे, मामी त्याच्या दारात जाऊन भांडू शकते आणि भांडते. अरकाटीचं काम डिपोच्या फाटकाशी संपायचं, पुन्हा तो दिसायचाच नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जहाजी भाई या शब्दावर. सूचीत आहे, सहप्रवासी. म्हणजे एसटीत बाजूच्या सीटवर बसलेला पण सहप्रवासी! कलकत्त्याहून त्रिनिदादला पहिलं जहाज गेलं १८४५ मध्ये, फतेल रझाक, फेब्रुवारीत निघालं आणि ३० मे ला पोचलं, शंभराच्या वर दिवस पाण्यावर. एवढे दिवस एका बोटीत काढल्यावर जी माणसं उतरली ती एकमेकांची नातेवाईक झाली होती, कारण खरे नातेवाईक तर मागे सुटले होते. जहाजी भाई, जहाजी बहीण. ते नातं इतकं पक्कं की एका जहाजातून आलेल्यांच्या मुलामुलींची लग्नं आपसात करायची नाहीत, भाऊबहीण झाले ना ते. हे मी सांगितलं आणि आजी एकदम म्हणाली, "महापरसाद."

आजीचं माहेर आमगावकडचं, छत्तीसगडला लागून. तिकडे मैत्री बदतात, म्हणजे साक्षीने जोडतात, जगन्नाथाचा महाप्रसाद एकमेकांना देऊन, आणि मग ती दोघं जन्मभर एकमेकांचं नाव घेत नाहीत, महाप्रसाद अशीच हाक मारतात, जात वेगळी असली तरी. आजीची एक महाप्रसाद होती. लहानपणी बदलेली, लग्न होऊन राजनांदगावकडे गेली. मी इतकी वर्षं या घरात राहते, मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलं, तिचं नाव काय होतं? आजी माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी काहीतरी अचकट विचारलं. नाव घेत नाही ना, तेच तर सांगून रायली! मग त्या रात्री कादंबरी पुढे गेलीच नाही, आजीची महाप्रसाद मेली तेव्हा हिने सुतक पाळलं होतं इथपर्यंत सगळं ऐकलं. सहप्रवासी म्हणे.

मामीला एकदा वाटलं की यात आपलं कोणीच नाही, सगळे तिकडचेच. मराठी होते की. मुंबई बंदरातून पण मॉरिशसला जहाजं जायची, रत्नागिरीकडचे, कोकणातले लोक गेले, त्यांचे पणतू अजून तिथे गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून नाचतात. विदर्भातलं कोणी होतं का हे ती सारखी विचारते. मध्य प्रांतातली माणसं आसामच्या चहाच्या मळ्यांत गेली एवढं मी तिला सांगू शकते. आणि ही पद्धत बंद करा म्हणून कायदेमंडळात ठराव कोणी मांडला, तर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, ४ मार्च १९१२ ला. ठराव पडला. त्याआधी १९१० मध्ये नाताळला मजूर पाठवणं थांबवायचा त्यांचा ठराव मात्र मान्य झाला होता. शेवटी भरती थांबली १९१७ मध्ये, तेव्हा गोखले जाऊन दोन वर्षं झाली होती. आजीला गोखले म्हणजे शाळेतल्या भिंतीवरचा फोटो, पगडीवाला. आता तो तिला डबल कट बंद करायला निघालेला माणूस म्हणून माहीत आहे, हे जरा ढोबळ आहे पण मी दुरुस्त करत नाही.

आता जहाज मॉरिशसपाशी पोचलंय. मी पुढचं वाचून ठेवलंय, उतरल्यावर बंदराच्या त्या सोळा पायऱ्या आहेत ज्या चढून लाखो माणसं त्या बेटावर आली, आता तिथे आप्रवासी घाट म्हणून स्मारक आहे, २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत. पण आमचं जहाज अजून पायऱ्यांपर्यंत गेलेलं नाही, जहाजात एक आजारी निघाला म्हणून पिवळं निशाण लावून बेटाबाहेर उभं केलंय, क्वारंटाईन. सूचीत क्वारंटाईनवर तब्बल सहा ओळी आहेत. मी त्या वाचायला घेतल्या तर मामी म्हणाली राहू दे. २०२० मध्ये ती खम्ममकडे अडकली होती, मिरची संपली, गाड्या बंद, मग थोडं पायी, थोडं ट्रॅक्टरवर, कसंबसं गावाच्या वेशीपर्यंत आली आणि तिथून सरळ जिल्हा परिषदेच्या शाळेत, चौदा दिवस. खिडकीतून स्वतःचं घर दिसायचं तिला. पोरगा डबा आणून पायरीवर ठेवायचा आणि दूर उभा राहायचा. सहा ओळींपेक्षा तिने सांगितलेलं मला जास्त पुरलं, कारण १८५६ साली मॉरिशसजवळच्या गॅब्रिएल बेटावर असंच माणसांना उतरवून ठेवलं होतं आणि त्यातली शेकडो तिथेच गेली, आणि ते प्रकरण वाचताना मला सारखी आमच्या शाळेची खिडकी दिसत होती.

परवा संक्रांत झाली. काल संध्याकाळी मामी सूप न घेताच आली, उभ्याउभ्याच. आज पहाटे त्यांचा छोटा हत्ती निघणार होता, चौदा बाया आणि चौघींची लहान पोरं. आजीने तिला खोबरेल तेलाची बाटली दिली. मामीने पुस्तक हातात घेतलं, खुणेचा कागद कुठे आहे ते बघितलं, किती पानं राहिलीत ते बोटाने चाचपलं, आणि मला म्हणाली, "तू आजीले पुढचं सांगजो नोको. मी मार्चात येतो. माह्या येतपर्यंत पुस्तकातल्या बाईले तिथंच क्वारंटाईनमंदी ठेव."

आजी म्हणाली, "दोन मयने?"

"मंग? बसून खाऊ दे तिले. उतरली का ऊसच तोडा लागते."